नऊ म्हणजे गच्च

नोटबुर्गा घड हातात घेते, तोडत नाही.
देठाशी एक बोट, टोकाशी अंगठा,
आणि हलकेच वाकवते,
नवं पुस्तक पहिल्यांदा उघडताना
त्याच्या पाठीचा अंदाज घ्यावा तसं.
काटकोनात वाकला, तर तीन.
जेमतेम मान हलवली, तर सात.
मुळीच नाही, तर नऊ.
नऊ म्हणजे गच्च,
मणी एकमेकांना दाबून चौकोनी झालेले,
मधे मुंगीलाही वाट नाही.

ती आकडा बोलते. मी लिहिते.
कायझरस्टूलचा काळा उतार, सप्टेंबर,
ऱ्हाईनवरचं धुकं अजून दुसऱ्या ओळीपर्यंत चढलेलं.

वाण एकच, श्पेटबुर्गुंडर.
काडीची काडी, तिची काडी,
बियांच्या भानगडीत कधी कोणी पडलंच नाही.
म्हणजे ही हजार वेलींची बाग नव्हे,
एकच वेल, हजारदा.
तरी सातव्या ओळीत घड मुठीसारखे मिटलेले,
आणि अकराव्या ओळीतली त्रेचाळिसावी
लांब देठांची, सैल पाकळ्यांची,
जिच्या घडाच्या आरपार चर्चचा मनोरा दिसतो.

त्रेचाळिसावीला निळी फीत आहे, चौदा वर्षं.
तिचा निळा आता धुण्याच्या पाण्यासारखा.
हिच्याच काड्यांची रोपं करायची, हे दरवर्षी ठरतं,
आणि दरवर्षी, अजून एक हंगाम बघू.

गच्च घड फोटोत छान येतो.
वेंडेलिनच्या वजनकाट्यालाही तोच आवडतो.
पण दोन रात्री पाऊस झाला, की आतला एखादा मणी,
ज्याला फुगायला जागा उरलेली नाही,
देठापासून सुटतो, आणि पडत नाही.
पडायलाही जागा लागते.
शेजारचे त्याला धरून ठेवतात.
तिथून राखाडी कूज निघते, आतून बाहेर,
आणि आठवडाभर घड
लोकांत निरोगी म्हणूनच वावरतो.

इथे मला माणसांबद्दल काहीतरी लिहायचा मोह झाला.
नोटबुर्गाने वहीत डोकावलं.
"आकडे लिही, ओटिलिया."

(आमच्याकडे, मोल्दोव्हात, अंगणावर मांडव होता.
घड सैल की घट्ट, कोणी विचारलं नाही.
गांधीलमाश्यांच्या आधी पोचायचं, एवढंच शास्त्र.)

यंदा जूनमध्ये फुलोऱ्याला पाऊस लागला नाही.
दहा दिवस ऊन. वारा सुद्धा बेताचा.
एरवी खिंडीतून गार झोत येतो,
तो सगळ्यांआधी अकराव्या ओळीला शिवतो,
निम्मी फुलं तिथेच झडतात.
यंदा प्रत्येक फूल बसलं.

आणि आज तिने त्रेचाळिसावीचा घड धरला,
वाकवला,
पुन्हा वाकवला,
दुसरा घेतला, मग पानांआडचा तिसरा.
मी पेन टेकवून उभी.
आकडा येईना.

मनोरा दिसत नव्हता.

जे चौदा वर्षं रक्तात आहे असं वाटलं
ते खिंडीत होतं की काय?
तिने हे म्हटलं नाही. तिने "सात" म्हटलं,
पाव्हण्याला घरात जागा नाही हे सांगावं
तेवढ्या हळू.
मग फितीची गाठ सोडायला लागली.
सुटेना. नखाने, मग दातांनी.
खोडावर फितीच्या रुंदीचा एक वळ राहिला.

चव्वेचाळिसावी, पाच. पंचेचाळिसावी, आठ.
शेहेचाळिसावी मेलेली.

जेवणाच्या सुट्टीत वेंडेलिनचं सूप निवत होतं
आणि ती दिसली नाही.
वर पाहिलं, तर अकराव्या ओळीत वाकलेली,
एका हातात पावाचा तुकडा,
दुसऱ्या हाताने तीच फीत, त्याच वळावर
पुन्हा बांधत होती.
एका हाताने गाठ बसत नाही,
हे तिला माहीत नव्हतं असं नाही.
पाव काही तिने खाली ठेवला नाही.

वहीतला सात मी खोडला नाही.
पुढे बारीक अक्षरात लिहिलं:
फुलोऱ्यात ऊन होतं.